बर्फाचे मयेकर सर

सिल्वासात बर्फ मिळायची ठिकाणं दोनच. उसाच्या रसाची गाडी आणि मासळीबाजार. तिसरं ठिकाण म्हणजे मयेकर सरांचा सहावीचा वर्ग, आणि तो नेमका माझ्या वर्गाला लागून होता हे माझं कर्म! भिंतीच्या अलीकडे मी अपूर्णांकांचा भागाकार घेऊन घसा फोडतेय, आणि पलीकडून चाळीस पोरं एका सुरात ओरडतायत, "कोणाला विचारलंत?"

हे सरांचं पालुपद. आज पाऊस येणार नाही असं स्टाफरूममध्ये कोणी म्हणायचा अवकाश, सर चष्म्यावरून बघत म्हणणार, "कोणाला विचारलंत?" वापीचा रस्ता आज मोकळा असेल म्हणावं, तर "कोणाला विचारलंत?" एकदा खिचडी आळणी झाली म्हणून मी कुरकुरले, तेव्हाही तोच प्रश्न. मी चिडून म्हटलं, "जिभेला!" तर गडी खूश होऊन म्हणतो, "मग बरोबर आहे, पाटीलबाई. जिभेला विचारलंत म्हणजे झालं."

मालवणच्या बाजूचे, मासेमाराच्या घरातले. अंगाने काटकुळे. भर मे महिन्यात फुल शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गळ्यात मफलर. सिल्वासात थंडी ती काय पडते मेली, पण सरांना तेवढीही सोसायची नाही. फ्रीजचं पाणी प्यायले की दोन दिवस आवाज बसायचा. आणि हा माणूस उत्तर ध्रुवाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. आयुष्यात त्यांनी पाहिलेला बर्फ म्हणजे बांगड्यांवर घालतात तो.

हे वेड लागलं वापीच्या एका रद्दीवाल्याकडे. तिथे त्यांना बर्फाळ मुलखातल्या माणसांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं, पुठ्ठा नसलेलं. डिक्शनरी शेजारी ठेवून त्यांनी ते दोन वर्षं वाचलं. पुढे हातात मोबाइल आला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागले. एकेक वाक्य थांबवून थांबवून, वहीत उतरवून. "एस्किमो म्हणायचं नाही," पोरांना पहिल्या दिवशी ताकीद. "ते लोकांनी ठेवलेलं नाव. ते स्वतःला इनुइट म्हणतात. आपल्याला कोणी ठेवलेल्या नावाने हाक मारली तर चालते का?"

जुन्या पाठ्यपुस्तकात त्या लोकांवर अर्धं पान होतं. सर ते आठवडाभर पुरवायचे. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची, बोलणी खायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी एकदा म्हटलं, "अहो सर, ही मसाटच्या कारखान्यातल्या कामगारांची पोरं. ह्यांना कशाला हवाय तो सील आणि तो बर्फ?" तर म्हणाले, "पुस्तकात काय लिहिलंय बघा. बर्फाच्या घरात राहतात, सील खातात. संपलं! उद्या तुमच्या खानदेशाबद्दल कोणी लिहिलं, पत्र्याच्या घरात राहतात, भरीत खातात, तर तुम्हाला चालेल?" माझं माहेर धुळ्याचं. मला बिलकूल चाललं नसतं. पण त्यांना तसं कळू दिलं नाही.

एका सकाळी शाळेच्या फाटकात रिक्षा आली. आत सर बसलेले, मफलर बांधून, आणि त्यांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी. मैदानात चार विटा मांडून त्यांनी ती ठेवली. घरूनच मिठाची पिशवी आणली होती. मीठ लावून लावून लादीची एक बाजू खालून पोखरली, वरून मात्र जशीच्या तशी. मग एकेका पोराचे डोळे रुमालाने बांधले आणि हातात काठी दिली. "बघायचं नाही. विचारायचं. बर्फाला विचारा, मी पाय ठेवू का?"

पोरं ठोकत गेली. जाड बाजूला ठक्क, पोखरलेल्या बाजूला ढब. सर सांगत होते, तिकडे समुद्र गोठतो आणि त्याच्यावरून माणसं चालतात, पण एकही जाणता माणूस न विचारता पाऊल टाकत नाही. भाल्याच्या दांड्याने टोचून बघतो, कान देतो, रंग बघतो, मगच पुढे. वारा कुठून वाहतो ते बर्फावर पडलेल्या वळ्यांवरून ओळखतो आणि त्या वळ्यांवर पाय घासत धुक्यातसुद्धा घरी येतो. पुस्तक नाही, होकायंत्र नाही. आजाने बापाला दाखवलं, बापाने पोराला.

मधल्या सुट्टीपर्यंत लादीचं पाणी झालं. निम्मी पोरं बर्फ चोखत माझ्या गणिताच्या तासाला बसली, आणि पुढचे तीन दिवस माझा वर्ग नुसता खोकत होता. मी सरांशी भांडले. कडाकडा भांडले! पण त्या गोंधळात एक गोष्ट झाली. ओहोळापलीकडच्या पाड्यावरून येणारी सविता, एरवी तोंडातून शब्द न काढणारी वारली पोर, काठी खाली ठेवून म्हणाली, "सर, माझा आजा पण असंच करतो. दगडाला कान लावतो, मग आम्हाला जा म्हणतो."

सर त्याच संध्याकाळी तिच्याबरोबर ओहोळावर गेले.

आमच्या शाळेमागून हा ओहोळ जातो आणि पुढे दमणगंगेला मिळतो. उन्हाळ्यात नुसते गोटे, पावसाळ्यात कधी घोट्याएवढा, कधी पुरुषभर. पाड्यावरची वीस-बावीस पोरं शाळेला आणि मोठी माणसं खडोलीच्या कारखान्यांत पाळीला जायची ती ह्या ओहोळातून. पूल नाही. रस्त्याने वळसा घ्यायचा तर चिखलातून दोन तासांची पायपीट, जीपसुद्धा जात नाही. त्यामुळे पावसाचे चार महिने सगळा पाडा सविताच्या आजाच्या, लखमाच्या, शब्दावर चालायचा. दोन्ही काठांना एकेक मोठा काळा दगड अर्धा पाण्यात होता. लखमा ज्या काठाला असेल तिथल्या दगडाला कान लावायचा. वर डोंगरात पाणी सुटलं तर गोटे घरंगळल्याचा आवाज दगडातून आधी येतो म्हणे. मग बघायचा, पाण्यावर पाचोळा आला का, पाठोपाठ फेस आला का, बिळातले खेकडे वर चढायला लागले का. सगळं बघून झालं की हात हलवायचा. जा. नाहीतर तळवा उभा धरायचा. थांबा. कोणी वाद घालायचं नाही.

सरांना तर घबाडच सापडलं! ओहोळाच्या काठावर त्यांना साक्षात इनुइट भेटला होता. त्यांनी लखमाला वर्गात आणलं. खुर्ची दिली, तो फरशीवर बसला, मग सरही फरशीवर बसले, आणि आमच्या मोठ्या बाई दारातून बघून कपाळाला हात लावून गेल्या. सरांनी त्याला मोबाइलवर तिकडचे म्हातारे दाखवले. लखमाने बराच वेळ बघितलं. त्याचा पहिला प्रश्न, "यांना ताडी मिळत असेल का?"

"नाही हो. झाडच नाही तिकडे."

"मग कसं जगतात रे बाबा!" लखमाला मनापासून वाईट वाटलं.

मग सर त्या व्हिडिओतलं एकेक वाक्य त्याला सांगत गेले. हा म्हातारा म्हणतोय, वारा बदलला. बर्फ उशिरा येतो, लवकर जातो. वरून पांढरा दिसतो आणि खालून पोकळ असतो. बर्फावरच्या वळ्या पूर्वी घराकडे नेत, आता भलतीकडे नेतात. जाणती जाणती माणसं पाण्यात पडलीत. मी त्या दिवशी खडू घ्यायला तिथे गेले होते म्हणून मला आठवतं. लखमा मोबाइलकडे बघत म्हणाला, "मग तो म्हातारा आता करतो काय?"

सर म्हणाले, "ते त्याने सांगितलेलं नाही," आणि पुढचा व्हिडिओ लावला.

दोघांचं मेतकूट जमलं. रोज शाळा सुटली की सर पाड्याच्या पोरांना घेऊन ओहोळापर्यंत जायचे, लखमा समोरच्या काठावरून येऊन अलीकडच्या दगडाजवळ थांबलेला असायचा. पोरं पलीकडे गेली की हे दोघे तंबाखू मळत बसायचे. बायको मालवणला सासूपाशी, मुलगा नोकरीला लांब, सरांना घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. मला वाटतं, सिल्वासात आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच कोणी घरचं मिळालं होतं.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. पाऊस संपल्यातच जमा होता. आमच्याकडे चक्क ऊन पडलेलं. त्या दिवशी मीसुद्धा सरांबरोबर ओहोळावर गेले होते, लखमाकडून करटोली घ्यायची होती म्हणून. लखमाने दगडाला कान लावला. पाणी निवळशंख, पाचोळा नाही, फेस नाही, खेकडे आपापल्या बिळात. त्याने हात हलवला. जा.

पोरं मध्यावर होती आणि पाणी आलं. गाजावाजा नाही, काही नाही. एकदम आलं, गुडघ्याचं कमरेला. मोठी पोरं धडपडत काठाला लागली, लखमाने दोघांना ओढलं, मी एकीची वेणी धरून तिला वर घेतलं आणि किंचाळत राहिले. सविता वाहून निघाली. सर होते तसे चपलांसकट पाण्यात गेले. कोळ्याचं रक्त, पोहता येत होतं म्हणून वाचले. खाली करंजाच्या मुळांना जाऊन अडकले ते तिच्या दप्तराचा पट्टा मुठीत धरून. पोरीचा हात मोडला होता. सरांचा चष्मा गेला. पण सगळे जिवंत होते, आणि मी काठावर बसून लहान पोरासारखी रडत होते.

नंतर कळलं, वरच्या एकाच डोंगरावर ढग रिकामा झाला होता. शेजारच्या डोंगरावर थेंब नाही. आणि त्या डोंगरावर झाडं उरली नव्हती, त्यामुळे पाण्याबरोबर वाहून यायला पाचोळाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले, खिडकीपाशी बसले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. मी चहा पुढे केला. म्हणाले, "पाटीलबाई, किती वर्षं शिकवतोय मी हे? त्या म्हाताऱ्यांच्या खुणा आता फसतात, सहावीच्या पोरांना तोंडपाठ आहे. परीक्षेत विचारतो मी. आणि आपल्याच शाळेमागच्या ओहोळाला ते लागू होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. लखमाने तोंडावर विचारलं होतं मला, आता तो म्हातारा काय करतो म्हणून. मी व्हिडिओ पुढे ढकलला." मग एकदम मालवणीत म्हणाले, "माझा चुकला हो. त्याचा नाय, माझा चुकला." त्या माणसाला मी पहिल्यांदा आणि शेवटचं रडताना पाहिलं. मी चहा गार होऊ नये म्हणून वर बशी ठेवली.

लखमाने ओहोळावर येणं सोडलं. दगडाकडे बघायचासुद्धा नाही. म्हातारा संपला, असं पाड्यातलीच पोरं म्हणायला लागली. शाळेत येणारी वीस पोरं बंद झाली, ढग दिसला की आया घराबाहेर सोडेनात. आणि कारखान्यात जाणारे तरणे तर कोणालाच विचारीनासे झाले. मनाला येईल तेव्हा पाण्यात उतरायचे. हे जास्त वाईट होतं, आणि सरांना ते दिसत होतं.

मग त्यांचे रविवार सुरू झाले. दर रविवारी वळसा घालून दोन तास चिखल तुडवत लखमाच्या ओट्यावर जाऊन बसायचं. पहिले दोन रविवार लखमा घरातून बाहेरच आला नाही. तिसऱ्या रविवारी आला आणि म्हणाला, "मास्तर, माला नाय समजत आता. पाणी जुनं राहिलं नाय."

सर म्हणाले, "हेच बोला. हेच पाहिजे."

हे मला सरांनीच नंतर सांगितलं. दरम्यान त्यांनी तिकडचे उरलेले सगळे व्हिडिओ शोधून बघितले होते. ते म्हणे लखमाला समजावत राहिले, की तिकडच्या म्हाताऱ्यांना कोणी घरी बसवलेलं नाही. त्यांच्याएवढं बर्फाला ओळखणारा दुसरा आहे कोण? फक्त आता ते आणखी चार जणांना विचारतात, आणि कळत नसेल तेव्हा कळत नाही म्हणतात. लखमाने विचारलं, "कळत नाय म्हणायची लाज नाय वाटत त्यांना?" सर म्हणाले, "वाटत असेल. तरी म्हणतात."

तिथून दोघांनी मिळून नवी रीत बसवली. वरच्या डोंगराखालच्या गावात एक किराणा दुकानदार होता, सर त्याच्याकडे जाऊन नंबर घेऊन आले. सकाळ-संध्याकाळ त्याला फोन करायचा, वर काय आहे विचारायचं. इकडे लखमा दगडाला कान लावणार. दोघांचं जुळलं तर जा. एकाचंही अडलं तर थांबा. लखमा तयार झाला, पण त्याने एक अट घातली, पाड्याच्या सगळ्यांसमोर. "मी कळत नाय म्हटलं तर कोणी पाय टाकायचा नाय. पाणी घोट्याएवढं असलं तरी नाय. एक जण जरी गेला आणि सुखरूप पोचला, तर उद्या माझं कोण ऐकेल?"

पुढची दोन वर्षं ते चाललं. पोरं परत शाळेत आली. कुरकुर व्हायची, पाळी बुडाली की तरणे लखमाला शिव्या घालायचे, पण थांबायचे. मी सरांना चिडवायचे, "आता तुमचा फोनसुद्धा इनुइट झाला!" सर नव्या चष्म्यातून हसायचे.

आणि मग सरांच्या निवृत्तीचा दिवस आला. सप्टेंबरअखेर. मोठ्या बाईंनी हौसेने समारंभ ठरवला होता. मांडव, हार, फराळ, बाहेरून पाहुणे, आणि पाड्याच्या पोरांचा नाच. आदल्या दिवशी लखमाने सरांना कोंबडीचं जेवण दिलं, म्हणून ते पाड्यावरच राहिले होते. सकाळी पोरांना घेऊन ओहोळ ओलांडून शाळेत येणार, असं ठरलं होतं.

दहा वाजले. साडेदहा. पाहुणे घड्याळ बघायला लागले. सरांचा फोन लागेना. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "पाटीलबाई, जा हो, ओढून आणा त्यांना. स्वतःच्या निरोपालासुद्धा उशीर!" मी हातातली शाल तशीच घेऊन मागच्या वाटेने धावत गेले.

पलीकडच्या काठावर सगळे उभे होते. नाचाचे कपडे घातलेली पोरं, डबे घेतलेले कारखान्याचे तरणे, सविता, लखमा आणि मयेकर सर. नवा कोरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद. मध्ये ओहोळ. आणि पाणी किती? घोट्याएवढं! खालचे गोटे मोजता येत होते.

"अहो सर, या ना!" मी ओरडले. "पाहुणे खोळंबलेत!"

"फोन लागत नाही वरचा!" सर ओरडले.

"मग लखमाबाबा काय म्हणतो?"

लखमाने मान हलवली. त्याला कळत नव्हतं. वर डोंगरावर ढग होता, पण तो तसा रोजच असायचा.

"अहो, घोट्याएवढं पाणी आहे! मी येते तिकडे, हात धरून नेते तुम्हाला!" माझा पारा चढला होता. चपला काढल्या, साडी खोचली आणि पाय पाण्याकडे टाकला. तेवढ्यात लखमाने तळवा उभा धरला. माझ्याकडे. मला वाईट वाटलं, राग आला, आणि तरी मी पाय मागे घेतला.

समोर तरण्यांची चुळबुळ चालली होती. दोघांनी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्याही होत्या. ते लखमाकडे बघत नव्हते. सरांकडे बघत होते. आज मास्तरचा दिवस, मास्तर तर जाणारच, आणि मास्तर गेला की आपण मोकळे. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या शालीकडे बघितलं, शाळेकडून लाउडस्पीकरवर त्यांचंच नाव ऐकू येत होतं तिकडे कान दिला. तीस वर्षांच्या नोकरीत ह्या माणसाचा कोणी एकदाही सत्कार केला नव्हता. मला माहीत होतं, त्यांनी भाषण लिहून काढलं होतं. दोनदा मला वाचून दाखवलं होतं.

"पाटीलबाई," ते ओरडले, "फराळ गार होऊ देऊ नका. सुरू करा म्हणावं."

"आणि तुम्ही?"

"मी इथे आहे."

आणि सर काठावर मांडी घालून बसले, नव्या पँटीसकट, चिखलात. लखमा त्यांच्या शेजारी बसला. मग सविता बसली, मग नाचाच्या कपड्यांतली पोरं. ते दोघे तरणे थोडा वेळ तसेच उभे राहिले. एकाने काहीतरी पुटपुटत पँट खाली सोडली आणि डबा उशाला घेऊन आडवा झाला. दुसराही त्याच्या मागोमाग बसला.

मी शाळेत परत गेले. हार खुर्चीला घातला. पाहुणे बोलले, फराळ झाला, मांडव उतरला. मोठ्या बाई सरांवर रागावल्या त्या रागावल्याच. सरांनी सामान आधीच गावाला धाडलं होतं; संध्याकाळी ते पाड्यावरून वळसा घालून परस्पर वापी स्टेशनला गेले आणि रात्रीच्या गाडीने मालवणला. त्यांची माझी भेट अशी पुन्हा झाली नाही. ओहोळाच्या काठावर पोरांच्या घोळक्यात बसून ते हात हलवत काहीतरी सांगत होते, आणि पाण्याच्या आवाजात मला अलीकडे एक शब्दही ऐकू येत नव्हता, तेवढंच शेवटचं.

दुपारी मी दोनदा जाऊन बघून आले. त्या दिवशी पाणी वाढलंच नाही. संध्याकाळपर्यंत घोट्याएवढंच होतं, आणि पाड्यावरचा एकही माणूस त्यात उतरला नव्हता.